गोधडी आणि चीवर

वसतिगृहात प्रथमच येणाऱ्या मुलाच्या वळकटीत पुष्कळदा आईने वा आजीने शिवलेली गोधडी असते. ती इतरांसमोर उलगडताना तो संकोचतो. या संकोचामागे इतिहास आहे. मनुस्मृतीने चांडाळांना प्रेतावरील वस्त्रे नेमून दिली होती. तथागतांच्या भिक्खूंनी मात्र स्मशानात व उकिरड्यावर टाकलेले कापड, म्हणजे ‘पांसुकूल’, स्वेच्छेने उचलले, धुतले आणि मापात शिवून अंगावर घेतले.

विनयपिटकातील महावग्गात चीवराच्या रचनेची कथा आहे. दक्षिणागिरीकडे जाताना मगधातील बांधांनी आखलेली शेते पाहून तथागतांनी भिक्खू आनंदांना विचारले, असे चीवर रचता येईल काय? आनंदांनी ते रचले. आजही चीवर खंड जोडूनच शिवतात. पालघरची भातखाचरे पाहत वाढलेल्यांना ही रचना सहज उमजेल.

त्याच धर्तीची सोपी गोधडी कोणालाही शिवता येते. बोईसर-तारापूर हा कापड कारखान्यांचा परिसर. शिवाय प्रत्येक शिंप्याकडे कातरण उरतेच. त्यातील सुती तुकडे निवडून धुवावेत, म्हणजे पुढे कापड आटत नाही. पुठ्ठ्याचा पाच इंची चौरस साचा करून गडद व फिकट तुकडे कापावेत. तीन-तीनच्या तीन ओळी मांडाव्यात : चार कोपरे व मध्य गडद, उरलेले चार फिकट. पाव इंच शिवण धरून आधी ओळी व मग त्या एकमेकींना जोडाव्यात. इस्त्री करताना शिवण गडद कापडाकडे वळवावी. अशा चोवीस चौकटी आडव्या चार व उभ्या सहा जोडल्या की सुमारे ५४ × ८१ इंचांचा पृष्ठभाग होतो. त्यास १२० गडद व ९६ फिकट तुकडे लागतात. खाली जुनी साडी, मध्ये जुन्या सुती कापडाचा थर ठेवून कच्चे टाके घालावेत, मग कडेपासून आत धावदोरा घालीत जावे आणि शेवटी कडांना पट्टी लावावी.

कापड वाया न घालवण्याचा धडाही विनयातच आहे. भिक्खू इतक्या चीवरांचे काय करतात, असे कोसंबीचा राजा उदेन याने आनंदांना विचारले. ते उत्तरले : नवी चीवरे ज्यांची जीर्ण झाली त्यांना देतो, जीर्ण चीवरांची पांघरुणे, पांघरुणांच्या गादीच्या खोळी, त्यांची बैठक, बैठकीचे पायपुसणे, त्याचे फडके होते, शेवटी ते चिखलात कुटून जमीन लिंपतो.

डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे मनुस्मृतीचे दहन झाले. त्याच वेळी बाबासाहेबांनी स्त्रियांना सांगितले होते की, वस्त्राला ठिगळे असली तरी हरकत नाही, ते स्वच्छ असावे. वसतिगृहात येणाऱ्या मुलाला गोधडी देताना पालकांनी ही हकीकत त्याला अवश्य सांगावी. जमल्यास एक चौकट त्याच्याच हातून शिवून घ्यावी.