हिराबाई बडोदेकर आणि तिकिटाची मैफल

स्त्रीचे शास्त्रोक्त गाणे सभागृहात, तिकीट काढून आणि कुटुंबासह ऐकण्याची प्रथा महाराष्ट्रात ज्या गायिकांमुळे रुजली, त्यांत हिराबाई बडोदेकर (१९०५–१९८९) यांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. या यशाचे श्रेय बहुधा त्यांच्या गोड गळ्याला आणि सात्त्विक स्वभावाला दिले जाते. तथापि त्यांच्या कारकिर्दीचा क्रम पाहता, ही प्रतिष्ठा आपोआप लाभलेली नसून एका आईने उभारलेली संस्था, घराण्याची गायकी आणि मैफलीची विचारपूर्वक बदललेली मांडणी या तिन्हींतून ती घडवली गेली, असे दिसते.

पुण्यात गायन समाजाची स्थापना १८७४ मध्ये झाली आणि सुशिक्षित वर्गात संगीताविषयी आदर वाढू लागला; परंतु तो आदर गाणाऱ्या स्त्रीपर्यंत पोहोचण्यास आणखी अर्धे शतक जावे लागले. व्यवसाय म्हणून गाणाऱ्या स्त्रिया प्रामुख्याने कलावंत समाजातील असत आणि त्यांचे गाणे ‘बैठकी’त, म्हणजे यजमानाने बिदागी देऊन निमंत्रितांपुरत्या ठरवलेल्या खाजगी कार्यक्रमात होई. अशा बैठकीत गायिका यजमानाची आश्रित ठरे, तर तिकिटाच्या मैफलीत तिचे नाते एका व्यक्तीशी न राहता श्रोतृवर्गाशी जडे. हिराबाईंच्या कारकिर्दीचे सामाजिक महत्त्व या फरकात आहे.

त्यांचा जन्म मिरजेचा. वडील किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ (१८७२–१९३७), तर आई ताराबाई माने या बडोद्याच्या सरदार घराण्यातील. खाँसाहेबांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय चालवले, तेव्हा मुलांचे बालपण विद्यार्थ्यांच्या रियाजातच गेले. पुढे ताराबाई पतीपासून विभक्त झाल्या आणि सुरेशबाबू, हिराबाई, कमलाबाई, कृष्णराव व सरस्वतीबाई (पुढे राणे) या पाचही मुलांचा भार त्यांच्यावर आला. वडिलांचा आधार सुटल्यावर हाती राहिलेली विद्या हेच कुटुंबाच्या उपजीविकेचे साधन झाले. म्हणूनच हिराबाईंचे व्यासपीठावर येणे हा हौसेचा भाग नव्हता.

हिराबाईंना वडीलबंधू सुरेशबाबू (१९०२–१९५३) आणि घराण्याचे दुसरे थोर गायक उस्ताद अब्दुल वहीद खाँ यांची तालीम मिळाली. वहीद खाँ अतिविलंबित लयीत रागाची ‘बढत’ करीत, म्हणजे एकेका स्वरावर ठेहराव घेत, पुढच्या स्वराला योग्य वेळीच स्पर्श करीत राग क्रमाने उलगडत नेत. हिराबाईंनी ती शिस्त घेतली, पण विस्तार आटोपशीर ठेवला. सुरेल, स्वच्छ आवाज, स्पष्ट शब्दोच्चार आणि तानांचा मर्यादित वापर यांमुळे रागशास्त्राची जाण नसलेला श्रोताही त्यांच्या ख्यालाशी जोडला जाई. ध्वनिमुद्रिकेच्या एका बाजूवर साधारण तीन-साडेतीन मिनिटेच मावत असताना असा आटोपशीरपणा उपयोगी पडला, आणि त्यांच्या तबकड्या मराठी घरांत पोहोचल्या.

ताराबाईंनी नूतन संगीत विद्यालय काढले आणि त्याची नाट्यशाखाही सुरू केली. स्त्रीभूमिकांसाठी बालगंधर्वांसारखे पुरुष नट लोकप्रिय असताना या मंडळीत भाऊ-बहिणी एकत्र रंगभूमीवर आल्या आणि स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या. ‘नाट्यमन्वंतर’ या नाट्यसंस्थेने १९३३ मध्ये स्त्रीभूमिका स्त्रियांनाच देऊन ‘आंधळ्यांची शाळा’ हे नाटक रंगभूमीवर आणण्यापूर्वीचा हा प्रयोग होता. अर्थकारण न जुळल्याने मंडळी फार काळ टिकली नाही, तरी हिराबाईंचा श्रोतृवर्ग मात्र विस्तारला. पुढे बाबूराव पेंटर यांच्या ‘प्रतिभा’ (१९३७) या बोलपटातही त्या दिसल्या. रंगभूमी, तबकडी आणि चित्रपट यांतून गायिकेची कीर्ती पसरणे ही त्या काळातील जागतिक घटना होती. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात १९०६ ते १९२२ गाजलेली अमेरिकन ‘सोप्रानो’, म्हणजे स्त्रीकंठातील सर्वांत उंच पट्टीची गायिका, जेराल्डिन फरार हिने १९१५ मध्ये ‘कार्मेन’ या मूकपटात काम केले होते. मात्र फरारला ऑपेरागृह तयार मिळाले होते. माने कुटुंबाला मंडळीही स्वतःच उभारावी लागली.

हिराबाईंच्या मैफलीत हावभावांना जवळजवळ स्थान नव्हते. साध्या, नीटनेटक्या वेशात स्थिर बसून त्या ख्याल गात आणि त्याला नाट्यपद, भावगीत, भजन यांची जोड देत. या मांडणीमुळे मध्यमवर्गीय स्त्रिया निःसंकोचपणे मैफलीला येऊ लागल्या आणि मुलींना गाणे शिकवण्यातील अवघडलेपण कमी झाले. मात्र या प्रतिष्ठेला किंमत होती: ठुमरीतील अदाकारी, म्हणजे शब्दांचा भाव चेहरा व हातांनीही व्यक्त करण्याची कला, सभ्यतेच्या नव्या व्याख्येबाहेर राहिली आणि ती जपणाऱ्या गायिकांकडे पाहण्याची दृष्टी त्यामानाने बदलली नाही. केसरबाई केरकर व मोगूबाई कुर्डीकर यांनी याच काळात जयपूर-अत्रौली घराण्याच्या अवघड, पेचदार गायकीच्या बळावर मान मिळवला, यावरून हिराबाईंचा मार्ग एकमेव नव्हता, हेही ध्यानात येते.

१९६५ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि १९७० मध्ये पद्मभूषण मिळाल्यावर या प्रतिष्ठेला राजमान्यता लाभली. धाकट्या भगिनी सरस्वती राणे यांच्यासह त्यांनी केलेल्या जुगलबंदीने दोन स्त्रियांनी एकत्र ख्याल गाण्याची वाट रुळवली, तर प्रभा अत्रे यांच्यासारख्या शिष्येच्या रूपाने पुढच्या पिढीला विचारवंत गायिका मिळाली. २० नोव्हेंबर १९८९ रोजी पुण्यात हिराबाईंचे निधन झाले, तोवर स्त्रीने सभागृहात ख्याल गाणे हा वादाचा विषय उरला नव्हता. म्हणून त्यांच्या कार्याचे मोजमाप रागदारीतील भर एवढ्यापुरते न ठेवता, गाणारीला स्वतःच्या नावावर श्रोते जमवता येतील अशी व्यवस्था उभारण्यातील त्यांच्या वाट्यावरून करणे आवश्यक आहे, आणि त्या हिशेबात ताराबाई माने यांचे नाव मुलीच्या शेजारीच लिहावे लागते.