नऊ ऑगस्ट आणि आपल्या शाळा

९ ऑगस्ट ही तारीख मुंबईकराला सांगावी लागत नाही. १९४२ च्या गोवालिया टँकची आठवण तिच्याशी कायमची जोडलेली आहे. पण हीच तारीख जगभर आदिवासींचा दिवस म्हणून पाळली जाते, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसते. १९८२ साली याच दिवशी जिनिव्हा येथे आदिवासी लोकसमूहांच्या प्रश्नांवर नेमलेल्या कार्यगटाची पहिली बैठक भरली. १९९४ साली संयुक्त राष्ट्रसंघाने त्या दिवसाला मान्यता दिली.

गेल्या वर्षी सांताक्रूझ पूर्वेच्या एका शाळेने हा दिवस पालकांसह साजरा केला. राष्ट्रीय सेवा योजनेचा स्वयंसेवक म्हणून मी सतरंज्या अंथरायला तेथे होतो. त्या निमित्ताने जे वाचले आणि पाहिले ते येथे मांडतो.

शाळेच्या स्नेहसंमेलनातले 'आदिवासी नृत्य' आपण सर्वांनी पाहिलेले आहे. तोंडाला काळे फासलेली, कमरेला पाने बांधलेली मुले भाले नाचवीत 'झिंगालाला' करतात आणि आईवडील टाळ्या पिटतात. २०११ च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्रात अनुसूचित जमातींचे लोक एक कोटी पाच लाखांच्या वर, म्हणजे शेकडा नऊहून अधिक आहेत. सांताक्रूझहून लोकलने पाचवे स्थानक गोरेगाव. तेथून आरे वसाहतीत गेले की वारल्यांचे पाडे लागतात. यांपैकी कोणीही पाने नेसून हिंडत नाही! हे नृत्य पाहणाऱ्यांत एखादे वारली मूल बसलेले असेल तर त्याला काय वाटत असेल, हा विचार संमेलनाच्या घाईत कोणाला सुचत नाही.

वारली मूल आणि शाळा यांचे नाते आपल्याकडे कसे जुळले, हा इतिहास मात्र अभिमानाचा आहे. १९४५ साल ठाणे जिल्ह्याच्या दृष्टीने मोठे विलक्षण. त्या वर्षी तलासरी-डहाणूच्या पट्ट्यात गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारली वेठबिगारीविरुद्ध उभे राहिले. लग्नासाठी सावकाराकडून कर्ज काढायचे आणि नवराबायकोने आयुष्यभर त्याच्याकडे राबायचे, अशी ती 'लग्नगडी' पद्धत होती. 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात गोदावरीबाईंनी तिचे वर्णन केले आहे. आणि त्याच वर्षी, त्याच डहाणू तालुक्यात, बोर्डी येथे ताराबाई मोडक बालशिक्षणाचे केंद्र काढून बसल्या. अनुताई वाघ त्यांना तेथेच येऊन मिळाल्या. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळा मुलांच्या अंगणात न्यावी, हा विचार बोर्डीत रुजला आणि 'अंगणवाडी' हा शब्द जन्मला. पुढे १९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथील पोरे दिवसभर गुरांमागे असत. म्हणून बाई थेट कुरणात गेल्या आणि तिचे नाव पडले 'कुरणशाळा'. १९७५ साली सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या बालविकास योजनेने 'अंगणवाडी' हेच नाव घेतले.

याचे मोल कळण्यासाठी ऑस्ट्रेलियाकडे पाहावे. तेथे सरकारने आदिवासी मुलांना 'सुधारण्यासाठी' आईबापांपासून तोडून नेले, आणि हे पिढ्यान्‌पिढ्या चालले. १३ फेब्रुवारी २००८ रोजी पंतप्रधान केव्हिन रड यांनी संसदेत त्याबद्दल जाहीर क्षमा मागितली. आज तेथील शाळांतून २७ मे ते ३ जून हा समेटाचा सप्ताह पाळतात आणि आदिवासी कुटुंबांना सन्मानाने बोलावतात. आपण अगदीच निर्मळ आहोत असे मात्र नव्हे. इंग्रजांच्या गुन्हेगार जमाती कायद्यात मुलांना आईबापांपासून वेगळे ठेवण्याची तरतूद होतीच. तो कायदा १९५२ साली गेला. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या प्रास्ताविकात वनवासी जमातींवर 'ऐतिहासिक अन्याय' झाल्याची स्पष्ट कबुली आहे. माझ्या मते प्रत्येक शाळेने तेवढे एक पान तरी मुलांना वाचून दाखवावे.

सांताक्रूझच्या त्या कार्यक्रमाला आरेतल्या एका पाड्यावरून दोन कुटुंबे आली होती. शिक्षकांची इच्छा, आजीबाईंनी फळ्यावर लग्नाचा चौक काढून दाखवावा. त्यांनी नकार दिला. चौक काढतात तो घरात लग्न असेल तेव्हा. त्यात पालघाट देवी बसते, धवलेरी गाणी म्हणते, आणि तांदळाच्या पिठाने तो लिहितात सवाष्णी. फळ्यावर देवी कशी बसवायची? सभागृहात क्षणभर शांतता पसरली. मुख्याध्यापिकांनी खडू खाली ठेवला आणि आजींना फक्त सांगायची विनंती केली. त्यांनी बसल्या जागेवरून, हातवारे करीत, सगळा चौक सांगितला. मुले इतकी गप्प बसलेली मी क्वचितच पाहिली आहेत. चादरींवर आणि चहाच्या कपांवर छापून मिळणाऱ्या वारली चित्रांमागे एवढे काही आहे, हे शिक्षकांनाही नवे होते.

मग एका मुलीने विचारले, "तारपा का नाही आणला?" आजींचा मुलगा हसला. ऑगस्टात तारपा वाजवीत नाहीत, भात कापणीला येते त्या सुमारास त्याचे दिवस असतात, असे त्याने सांगितले. भोपळ्याचे ते वाद्य मध्ये वाजते आणि नाचणारे त्याच्याभोवती फेर धरतात. २०२१ पासून १५ नोव्हेंबर, म्हणजे बिरसा मुंडांचा जन्मदिवस, सरकारी पातळीवर जनजातीय गौरव दिवस म्हणून पाळतात. त्या सुमारास कापणी उरकत आलेली असते. यंदा शाळेने तीच तारीख ठरवली आहे, आणि या खेपेस कार्यक्रम पाड्यावर आहे. मुलांनी जायचे आहे.