ट्रक अपघाताची भरपाई : मुदत दोन वर्षांची, पुरावा सहा महिन्यांचा

अमेरिकेत ट्रकच्या धडकेत जखमी झालेल्यांना भरपाईचा दावा दाखल करण्यासाठी न्यू जर्सी, टेक्सास व कॅलिफोर्निया या राज्यांत सर्वसाधारणपणे २ वर्षांची, तर न्यूयॉर्कमध्ये ३ वर्षांची मुदत असते. मात्र या मुदतीवर विसंबून राहणे धोक्याचे ठरू शकते.

केंद्रीय नियमांनुसार मालवाहू ट्रकचालकाला सलग १० तासांच्या विश्रांतीनंतर जास्तीत जास्त ११ तास वाहन चालवता येते. या तासांच्या नोंदी जपून ठेवण्याचे बंधन कंपनीवर केवळ ६ महिने असते. चालक थकलेला होता, हे सिद्ध करू शकणारा पुरावा त्यानंतर नियमभंग न होताही नष्ट होऊ शकतो. त्यामुळे पुरावा जतन करण्याची लेखी नोटीस वकिलामार्फत तत्काळ पाठवणे हिताचे असते.

आंतरराज्य मालवाहतूक करणाऱ्या व्यावसायिक अवजड ट्रकसाठी किमान ७,५०,००० डॉलरचा दायित्व विमा बंधनकारक आहे. तथापि, उपचार पूर्ण होण्यापूर्वीच तडजोडीच्या कागदावर स्वाक्षरी केल्यास पुढील खर्चाची मागणी करण्याचा मार्ग बहुधा बंद होतो.

दाव्यासाठी अमेरिकेचे नागरिकत्व आवश्यक नसते. मुलांकडे व्हिसावर आलेल्या आईवडिलांनाही तो हक्क असतो.