भौतिकीचे पदवी शिक्षण व व्यावसायिक कौशल्ये

भौतिकीचे पदवी शिक्षण व व्यावसायिक कौशल्ये : भौतिकीच्या पदवी अभ्यासक्रमातून नियम व सिद्धांत यांच्या ज्ञानाबरोबरच विद्यार्थ्याला काही कार्यक्षमताही लाभतात. उद्योग, संशोधन, संगणन, अध्यापन इ. क्षेत्रांत प्रत्यक्ष उपयोगी पडणाऱ्या अशा क्षमतांना व्यावसायिक कौशल्ये म्हणतात. मापन करून त्यातील अनिश्चितता सांगणे, उपकरणातील दोष शोधणे, प्रश्नाचे गणितीय प्रतिमान तयार करणे, संगणकाच्या साहाय्याने आधारसामग्रीचे विश्लेषण करणे, अहवाल लिहिणे व गटाने काम करणे ही त्यांपैकी प्रमुख होत. भौतिकीचे सर्वच पदवीधर संशोधक वा प्राध्यापक होत नाहीत. त्यामुळे या कौशल्यांना विशेष महत्त्व आहे.

मुंबई उपनगरांतील परिस्थिती : या भागात विज्ञानाची महाविद्यालये आणि भौतिकीच्या ज्ञानाचा उपयोग करणारे व्यवसाय जवळजवळ वाढले. अंधेरीचे भवन्स महाविद्यालय (१९४६), घाटकोपरचे रामनिरंजन झुनझुनवाला महाविद्यालय (१९६३) व मुलुंडचे वझे महाविद्यालय (१९८४) ही येथील काही महाविद्यालये होत. ट्राँबे येथे १९५६ मध्ये ‘अप्सरा’ ही अणुभट्टी कार्यान्वित झाली. अणुऊर्जा कार्यक्रमासाठी लागणारे मनुष्यबळ केवळ विद्यापीठीय पदवीच्या बळावर उपलब्ध होणार नाही, हे जाणून होमी भाभा यांनी १९५७ मध्ये तेथे प्रशिक्षण शाळा सुरू केली. तीत विज्ञान व अभियांत्रिकी या शाखांच्या निवडक पदवीधरांना एक वर्षाचे प्रशिक्षण देण्यात येऊ लागले. अंधेरी येथे १९७३ मध्ये सांताक्रूझ इलेक्ट्रॉनिकी निर्यात प्रक्रिया क्षेत्र स्थापन झाले. इलेक्ट्रॉनीय मालाच्या उत्पादनात जुळणीइतकेच चाचणी व दोषनिवारण यांनाही महत्त्व असते आणि ही कामे भौतिकीच्या प्रयोगशाळेतील कामांशी जवळचे नाते सांगतात.

प्रयोगशाळेचे कार्य : ही कौशल्ये मुख्यत्वे प्रयोगशाळेत घडतात. उदा., एक मी. लांबीच्या साध्या लंबकाच्या २० आंदोलनांना ४०·२ सेकंद लागले, तर गुरुत्वीय प्रवेगाचे मूल्य सु. ९·७७ मी./से./से. येते. वेळेच्या मापनात ०·२ सेकंद अनिश्चितता धरल्यास या मूल्यात सु. ०·१० इतकी अनिश्चितता राहते. मुंबईच्या अक्षांशावर हे मूल्य सु. ९·७९ आहे, तर पाठ्यपुस्तकांत बहुधा ९·८१ किंवा ९·८ दिलेले असते. वरील प्रयोग यांतील कोणत्याही मूल्याशी विसंगत नाही. मात्र तो त्यांच्यात निवडही करू शकत नाही. १०० आंदोलने मोजल्यास वेळेमुळे येणारी अनिश्चितता एकपंचमांश होते आणि मग लांबीच्या मापनाकडेही तितकेच लक्ष द्यावे लागते. कोणती त्रुटी आधी कमी करावी, हा निर्णय कारखान्यातील गुणवत्ता नियंत्रणातही असाच घ्यावा लागतो.

दोषशोधनाचे उदाहरणही असेच बोधप्रद आहे. ५० हर्ट्झ कंप्रतेच्या विद्युत् पुरवठ्यावर चालणाऱ्या, चार डायोडांच्या सेतू एकदिशकारकाच्या प्रदानात उरणाऱ्या चढउताराची कंप्रता १०० हर्ट्झ असते. एखादा डायोड निकामी होऊन त्यातून प्रवाह जाणे थांबले, तर ती ५० हर्ट्झ होते. दोलनदर्शकावर हा बदल पाहणाऱ्या विद्यार्थ्याला प्रत्येक भाग न बदलता दोषाचे स्थान तर्काने ठरविता येते.

उणिवा : पुष्कळदा प्रयोगाची कृती आधी सांगितलेली असते, उत्तर ठाऊक असते व मूल्यमापन उत्तराच्या जवळिकीवरून होते. अशा वेळी विद्यार्थी निरीक्षणे अपेक्षित मूल्याशी जुळवून घेतो आणि प्रयोगवही ही नक्कल ठरते. कौशल्याच्या दृष्टीने ही हानी मोठी आहे. कारण हाती आलेली आकडेवारी गैरसोयीची असली, तरी ती तशीच नोंदविण्याची सवय येथेच लागायची असते. औषधनिर्मिती, प्रारण सुरक्षा वा विद्युत् उपकरणांची चाचणी यांत जुळवून घेतलेला आकडा अपघातास कारणीभूत ठरू शकतो.

सुधारणेचे प्रयत्न : मानखुर्द येथील होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने (स्थापना १९७४) २००४ मध्ये पदवी स्तरावरील विज्ञान विद्यार्थ्यांसाठी राष्ट्रीय उपक्रम सुरू केला. मुंबई विद्यापीठ व अणुऊर्जा विभाग यांनी मिळून २००७ मध्ये कालिना येथे मूलभूत विज्ञानांसाठी केंद्र स्थापन केले. तेथे पाच वर्षांच्या एकात्मिक पदव्युत्तर शिक्षणाची सोय आहे. अमेरिकेत तेथील भौतिकी संस्था व भौतिकी अध्यापकांची संघटना यांच्या संयुक्त कृतिगटाने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात विषयज्ञानाबरोबर तांत्रिक, संज्ञापनविषयक व व्यवसायविषयक कौशल्यांचा विचार करण्यात आला. भारताच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने (२०२०) व्यावसायिक शिक्षण व आंतरवासिता यांवर भर दिला आहे.

तथापि कौशल्यांसाठी स्वतंत्र प्रश्नपत्रिका जोडल्याने उद्देश पुरेसा साध्य होत नाही. उत्तर ठाऊक नसलेले छोटे प्रकल्प, मुद्दाम दोष ठेवलेली मंडले, अनिश्चिततेच्या कारणमीमांसेला गुण आणि तोंडी सादरीकरण यांची योजना प्रचलित प्रयोगांतच करता येते. त्यासाठी महागड्या उपकरणांपेक्षा लहान गट, पुरेसा वेळ आणि अपयशी प्रयोगाचाही प्रामाणिक अहवाल ग्राह्य मानणारी परीक्षापद्धती यांची अधिक गरज असते.