न पुसलेलं कुंकू

आजीच्या दोन भुवयांच्या मधोमध मसुराएवढा हिरवा ठिपका होता. हनुवटीवर आणखी एक, मनगटावर तुळशीवृंदावन, त्याखाली विंचू. माण-खटावपासून आटपाडी-जतपर्यंतच्या दुष्काळी पट्ट्यात सत्तरीपुढच्या कितीतरी बायकांच्या अंगावर असं गोंदण अजून दिसतं.

सुगी झाली की भटक्या जमातींतल्या गोंदणारणी गावात यायच्या. दिव्यावर धरलेलं काजळ, पाल्याचा रस, दोऱ्यानं एकत्र बांधलेल्या तीन-चार सुया, एवढंच त्यांचं दुकान. काडीनं नक्षी रेखायची आणि पोरगी रडायच्या आत टोचून मोकळं व्हायचं. वरून हळद-तेल. मोबदला म्हणून सुपात जोंधळे. काजळाचे कण कातडीच्या आतल्या थरात जातात. शरीराच्या संरक्षक पेशी ते गिळतात, पण त्यांना ते पचत नाहीत. म्हणून गोंदण जन्मभर टिकतं, आणि काळं काजळ कातडीआडून हिरवट-निळं दिसतं.

दुखण्यावरही गोंदत. सांधा धरला की त्यावर ठिपके. हसू नका. 1991 साली आल्प्सच्या बर्फात सापडलेल्या, सुमारे 5,300 वर्षांपूर्वीच्या 'ओत्झी' नावाच्या माणसाच्या अंगावर 61 गोंदणखुणा आहेत, त्यातल्या बऱ्याच कंबर, गुडघे आणि घोट्यांजवळ. गोंदण्यानं सांधा सुटत असेल असं मला वाटत नाही. पण आपल्या दुखऱ्या जागेवर कुणीतरी तासभर हात ठेवून बसलंय, हे सासुरवाशिणीच्या वाट्याला एरवी कुठं येत होतं?

न्यूझीलंडच्या माओरी बायका हनुवटीवरचं गोंदण आता अभिमानानं पुन्हा करून घेतात. आपल्याकडे शाळेत गेलेल्या लेकींना ते गावंढळ वाटलं आणि विषय संपला. जत्रेत बॅटरीवरचं मशीन घेऊन बसलेला माणूस आता नावं गोंदतो. तिथं सुई नवी आहे का ते आधी बघा, कावीळ 'ब' आणि एचआयव्ही जुन्या सुईतून पसरतात. साताऱ्याची पोरं तर आणखी एका कारणानं जपून असतात: लष्कर भरतीत सर्वसाधारण उमेदवाराला हाताच्या ठरावीक भागावरच गोंदण चालतं.

1972 च्या दुष्काळात आजीचं डोरलं सावकाराकडे गेलं. आजोबा वारले तेव्हा बायकांनी तिच्या बांगड्या फोडल्या, जोडवी काढली, कुंकू पुसलं. कुंकवाखालचा हिरवा ठिपका मात्र त्यांना पुसता आला नाही. शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडनं मे 2022 मध्ये ग्रामसभेत ठराव करून या प्रथा बंद केल्या. आजी तोवर राहिली नव्हती.

घरात अशी आजी असेल, तर तिच्या हातावरच्या प्रत्येक नक्षीचं नाव विचारून लिहून ठेवा. आमच्या आजीच्या कोपराजवळ पाच ठिपके होते. त्यांना काय म्हणतात, हे विचारायचं माझ्याकडून राहून गेलं.