एक गेली, सगळ्यांनी पाहिलं

भाकरी थापत असाल, शेंगा फोडत असाल, तर हात चालू द्या आणि कान इकडे ठेवा. आज आपण जपानची सहल करणार आहोत.

आमच्या गटातल्या एक काकू एप्रिलमध्ये जपानला जाऊन आल्या. त्यांची मुलगी पुण्यात नोकरी करते. बायका-बायकांची एक सहल निघणार होती, त्यात तिने स्वतःसोबत आईचंही नाव घातलं. काकूंचं वय बासष्ट. त्याआधीचा त्यांचा लांबचा प्रवास म्हणजे पायी पंढरपूर आणि एकदा रेल्वेने काशी.

त्या जायच्या आधी आमची मासिक बैठक झाली, तेव्हा प्रत्येकीने त्यांना एकेक काम दिलं. एक म्हणाली, तिकडे लोणची कशी विकतात ते बघा. दुसरी म्हणाली, शेतात बायका काय करतात ते बघा. तिसरीने सांगितलं, देवळात काय वाहतात ते विचारा. काकूंनी सगळं वहीत लिहून नेलं. परत आल्यावर तीन संध्याकाळी त्या सांगत होत्या आणि आम्ही ऐकत होतो. जिथे अर्धवट कळलं, तिथे आम्ही वाचून पूर्ण केलं. त्यातून आजचं हे बोलणं तयार झालं.

आधी सांगतो, अशी गटाची सहल चालते कशी. आपल्याकडून एक सहलप्रमुख सोबत असते. तिकडे उतरल्यावर तिथली स्थानिक गाईड येऊन मिळते. गाईडच्या हातात काठी आणि काठीला छोटा झेंडा. प्रत्येकीच्या कानात एक यंत्र. गाईड पुढे हळू आवाजात बोलते आणि शेवटच्या बाईलाही नीट ऐकू येतं. काकू म्हणाल्या, "अगं, ही तर दिंडीच! पुढे पताका, मागे आपण. फक्त टाळ नाहीत." दिंडीसारखेच इथेही आधी पैसे भरायचे, मग जेवणाची, मुक्कामाची चिंता करायची नाही.

एक नियम पहिल्याच दिवशी सांगितला जातो. चुकामूक झाली तर शोधत फिरायचं नाही, जिथे आहात तिथेच थांबायचं. गळ्यात हॉटेलचं कार्ड असतंच. क्योतोच्या स्टेशनवर काकू खरोखरच मागे राहिल्या. त्या एका खांबाला टेकून उभ्या राहिल्या. पंधरा मिनिटांत झेंडा परत आला. "मी हलले असते तर दोघी एकमेकींना शोधत बसलो असतो," त्या म्हणाल्या. मुलांना जत्रेत नेताना आपणही हाच नियम सांगावा.

सहल सुरू झाली तोक्योत. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे. आपली सकाळची पहिली चहाची वेळ, तेव्हा तिकडे साडेनऊ-दहा वाजलेले. आसाकुसा भागात सेन्सो-जी नावाचं जुनं देऊळ आहे. दारात माणसाहून मोठा लाल कंदील टांगलेला. इ.स. 628 मध्ये दोन कोळी भावांच्या जाळ्यात नदीतून मूर्ती आली, अशी त्याची कथा. अंगणात मोठ्या भांड्यात उदबत्त्या जळतात आणि लोक तो धूर दुखऱ्या अंगावर ओढून घेतात. काकूंनी गुडघ्यांवर घेतला.

पुढे बुलेट ट्रेन. तिकडे तिला शिन्कान्सेन म्हणतात. 1964 साली तोक्यो ते ओसाका ही पहिली गाडी सुरू झाली. आपल्याकडे मुंबई ते अहमदाबाद जी बांधली जात आहे, ती याच तंत्रावर. मधल्या स्टेशनांवर गाडी मिनिटभर थांबते. तेवढ्यात तीस बायका चढायच्या कशा? फलाटावर कुठला डबा कुठे येणार ते आखलेलं असतं. आधीच तिथे रांग करायची. मोठ्या बॅगा आदल्या दिवशीच ट्रकने पुढच्या हॉटेलात पाठवतात, हातात फक्त एका रात्रीचं सामान. सगळ्या बसल्या तरी गाडी हललेली नव्हती.

जेवणाचं एक सांगून ठेवतो. तिकडच्या बहुतेक सूपांत, रश्शांत वाळवलेल्या माशाचं पाणी असतं. वर भाजीच दिसते, पण आत मासा. म्हणून शाकाहारी बायकांचं आधी सांगून ठेवावं लागतं. या सहलीत संध्याकाळी बऱ्याचदा भारतीय जेवण होतं. घरात शिरताना चपला बाहेर काढणं मात्र अगदी आपल्यासारखं. रस्त्यावर कचराकुंड्या फार कमी. खाल्लेल्याचा कागद पिशवीत ठेवून मुक्कामी न्यायचा.

आता हाकोनेला येऊ या. डोंगर, तळं, गरम पाण्याचे झरे आणि आकाश स्वच्छ असेल तर फुजी पर्वत. गंधकाच्या पाण्यात उकडून काळी झालेली अंडी तिथे मिळतात. एक खाल्लं की सात वर्षं आयुष्य वाढतं, असं म्हणतात. पण काकूंच्या वहीत हाकोनेचं पान भरलं ते वेगळ्याच गोष्टीने.

तळ्याकाठी एक जुनं नाकं आहे, तिथे त्याला सेकिशो म्हणतात. 1619 साली ते उभारलं आणि 1869 मध्ये बंद झालं. आता पुन्हा जसंच्या तसं बांधून दाखवतात. त्या काळी तोक्योचं नाव एदो होतं. सरदारांनी बंड करू नये म्हणून त्यांच्या बायका-मुलांना एदोत ठेवून घेतलेलं असे. बाई गुपचूप बाहेर पडली, तर नवरा बंड करणार असा संशय. म्हणून नाक्यावर मुख्य तपासणी कोणाची? एदोतून बाहेर जाणाऱ्या बाईची. तिला सरकारी परवान्याचा कागद लागायचा. कुठे चाललीस, कशाला चाललीस, केस कसे, अंगावर खूण कोणती, हे त्यात लिहिलेलं. तपासायलाही बाईच नेमलेली. ती केस सोडून बघायची. कागदात आणि बाईत फरक निघाला, तर परत फिरवायचे.

हे सांगताना काकू जरा थांबल्या. म्हणाल्या, "पासपोर्ट तर सरकारने दिला गं. पण घरातलं नाकं चार महिने उघडत नव्हतं. दीर म्हणायचे, या वयात कशाला. सून म्हणायची, गुडघे दुखतील. मुलगा काहीच म्हणायचा नाही. मला कोणी नको म्हटलं नाही आणि जा म्हणूनही सांगितलं नाही." आम्ही सगळ्या गप्प झालो. कारण असं नाकं आमच्या प्रत्येकीच्या घरात आहे.

हाकोनेहून पुन्हा गाडीने नागोयाला आणि तिथून बसने डोंगरात. नागोयाला गाईडने एक गोष्ट सांगितली आणि ती आमच्या गटाला सगळ्यांत जास्त आवडली.

नागोयाच्या दक्षिणेला इसे नावाचं मोठं तीर्थ आहे. आमातेरासु या सूर्यदेवीचं स्थान. ते देऊळ दर 20 वर्षांनी नवं बांधतात. मागचं 2013 मध्ये बांधलं. एदोच्या काळात साध्या माणसाला मनाला येईल तसं फिरायची मोकळीक नव्हती, पण तीर्थाला जातो म्हटलं की परवाना मिळायचा. प्रश्न पैशांचा होता. पायी जाऊन यायला कित्येक दिवस लागत, आणि एका शेतकऱ्याला तेवढा खर्च झेपत नसे. मग गावाने काय केलं? भिशी लावली! तिला तिकडे ‘को’ म्हणतात. इसेसाठी लावलेली ती इसे-को. सगळ्यांनी थोडे थोडे पैसे घालायचे, चिठ्ठ्या टाकायच्या, ज्याचं नाव निघेल त्याने सगळ्यांच्या वतीने जायचं. एकदा जाऊन आलेल्याचं नाव पुढच्या वेळी बाजूला. जाणारा सगळ्यांसाठी देवाचा प्रसाद-ताईत घेऊन यायचा.

इसेला या लोकांची सोय बघणारेही असत. आपल्याकडे तीर्थाच्या ठिकाणी क्षेत्रोपाध्ये असतात, घराण्याच्या वह्या ठेवतात, उतरायला जागा देतात, तसंच. ते गावोगावी फिरून पंचांग वाटायचे आणि गावाची माणसं आली की आपल्या घरी उतरवून घ्यायचे, दर्शन घडवायचे. म्हणजे बघा, आज झेंडा घेऊन चालणारी गाईड, ठरलेला मुक्काम, आधी भरलेले पैसे, या सगळ्यासारखं काही तिकडे आधीपासूनच होतं. आणि ते उभं राहिलं गावच्या भिशीवर.

पण भिशीतलं नाव बहुधा घरातल्या कर्त्या पुरुषाचं. मग बायका, नोकर, पोरं काय करायची? कित्येक जण न विचारताच इसेला निघून जात. त्याला तिकडे वेगळा शब्दच आहे, नुके-माइरी, म्हणजे निसटून केलेली यात्रा. परत आल्यावर देवाच्या नावाने गेले म्हणून त्यांना माफ करत.

बस पोचली ताकायामाला. नदीकाठी रोज सकाळी बाजार भरतो. शेतकरी बायका भाज्या, फळं, लोणची, हाताने केलेल्या वस्तू घेऊन बसतात. काकूंनी एका आजींकडे मुळ्याचं लोणचं चाखलं. भाषा येत नव्हती, तरी आजींनी दुसरी, तिसरी बरणी पुढे केलीच. वाटेत महामार्गावर थांबे लागतात, त्यांना मिची-नो-एकी म्हणतात, म्हणजे रस्त्यावरचं स्टेशन. 1993 पासून ते सुरू झाले आणि आता देशभर 1,200 हून जास्त आहेत. तिथे स्वच्छतागृह, विसावा आणि शेजारी आसपासच्या शेतकऱ्यांचा माल. पिशवीवर पिकवणाऱ्याचं नाव. बऱ्याच ठिकाणी भावही शेतकरीच ठरवतो, आणि विक्रीतून थोडा हिस्सा थांब्याला देतो. आमच्या पापड-कुरडईच्या पाकिटावर आमचं नाव का नाही, हा प्रश्न त्याच संध्याकाळी निघाला.

तिथून पुढे शिराकावा-गो. जोडलेल्या दोन हातांसारखी उतरती, जाड गवताची छपरं. बर्फ साचू नये म्हणून असा उतार. माळ्यावर पूर्वी रेशमाचे किडे पाळायचे. खाली चुलाण्याचा धूर वर जाऊन गवत टिकवायचा. 1995 मध्ये हे गाव जागतिक वारसा ठरलं. असं एक छप्पर शाकारायचं म्हणजे शेकडो हातांचं काम. तीस-चाळीस वर्षांनी एकदा एकेका घराची पाळी येते. मग सगळं गाव त्या घरी जातं. मजुरी नाही, पण माझ्या घरी तू आलीस, तुझ्या घरी मी येणार. याला ते युइ म्हणतात. आपण याला काय म्हणतो? कुठे इर्जिक, कुठे सावड.

याच गावाने 1971 साली आपसांत तीन गोष्टी ठरवल्या. घर विकायचं नाही, भाड्याने द्यायचं नाही, पाडायचं नाही. तेव्हा जुनी घरं पाडली जात होती, काही बाहेरचे लोक विकत घेऊन नेत होते. गावाने एकत्र बसून ठरवलं म्हणून ती उरली, आणि उरली म्हणून आज लोक बघायला येतात. आता गर्दीचाच त्रास होतो. जेमतेम पाच-सहाशे माणसांची वस्ती आणि वर्षाला दहा लाखांहून जास्त पाहुणे. थंडीत दिव्यांच्या रात्री 2019 पासून आधी नोंदणी केल्याशिवाय येता येत नाही. क्योतोतही गर्दीला कंटाळून गिओन भागातल्या काही खाजगी गल्ल्या 2024 मध्ये पर्यटकांना बंद झाल्या. पाहुणे हवेत, पण किती आणि कसे, हे यजमानानेच ठरवायला हवं. आपल्या भागात कृषी पर्यटन सुरू करायचा विचार करणाऱ्या गटांनी हे जरूर लक्षात ठेवावं.

शेवटी नारा. तिथे बुद्धाची सुमारे 15 मीटर उंच बसलेली मूर्ती आहे. इ.स. 752 मध्ये तिचे डोळे उघडण्याचा सोहळा झाला, तो भारतातून गेलेल्या बोधिसेन नावाच्या भिक्षूंच्या हातून. काकू म्हणाल्या, "आपल्याकडचा माणूस तेव्हा इतक्या लांब पोचला होता, मग मला कसलं भ्यायचं?"

परत येताना काकूंनी मिठाईचा एक खोका आणला. आत प्रत्येक वडी वेगळ्या कागदात. मोजून बारा, गटात आम्ही बारा. जपानमध्ये सहलीहून येणारा माणूस सोबत्यांसाठी असं काही आणतोच, त्याला ओमियागे म्हणतात. इसेहून आणायच्या त्या प्रसादातून ही रीत वाढली, असं सांगतात. जो गेला त्याच्यावर मागे राहिलेल्यांचं थोडं देणं असतं.

मग आम्ही काय ठरवलं? जपानचा खर्च लाखांत जातो, तो आमच्या आवाक्यात नाही, हे आम्हाला कळतं. पण इसे-को आम्हाला कळली. आम्ही वेगळी प्रवास भिशी सुरू केली आहे. एका ताईंनी विरोध केला, "कर्जाला पैसे पुरत नाहीत आणि फिरायला कुठले?" त्यांचं म्हणणं खरं होतं. म्हणून पहिला नियम असा केला, की गटाच्या बचतीला आणि कर्जाच्या पैशांना हात लावायचा नाही. प्रवासाची वही वेगळी, पेटी वेगळी, आणि झेपेल तिनेच यायचं. दुसरा नियम, दोन चिठ्ठ्या काढायच्या, म्हणजे एकटीने जावं लागणार नाही. तिसरा, एकदा गेलेलीचं नाव बाजूला. चौथा, परत येऊन सगळ्यांना सांगायचं. विरोध करणाऱ्या ताई अजून भिशीत नाहीत, पण वही त्यांच्याकडेच ठेवली आहे, कारण हिशोब त्यांच्याइतका चोख कोणाचाच नाही.

पहिल्या दोन चिठ्ठ्या निघाल्या आहेत. जवळच्याच जिल्ह्यातलं एक कृषी पर्यटन केंद्र बघायला दोघी जाणार आहेत. त्यातल्या एकीच्या घरचं नाकं अजून उघडलेलं नाही. येत्या रविवारी आम्ही अकराजणी तिच्या सासूबाईंकडे चहाला जाणार आहोत, आणि काकू सोबत असतील.

तुमच्या गटात कोण कुठे जाऊन आलं आहे? पुढच्या बैठकीत तिला बोलायला सांगा आणि बाकीच्यांनी ऐका. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.