प्रस्तावनेचा झाला महाग्रंथ

गणेशोत्सवात करी रोड स्टेशनवर उतरलेली गर्दी लालबागची वाट धरते. हरतालिका, गणेशचतुर्थी, ऋषिपंचमी, अनंतचतुर्दशी या व्रतांचा जुन्या ग्रंथांतून माग काढणारा थोर धर्मशास्त्रज्ञ याच मुंबईत, गिरगावच्या आंग्रेवाडीत राहत असे आणि पुढे मुंबई विद्यापीठाचा कुलगुरू झाला. ते म्हणजे महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे.

चिपळूणजवळ 7 मे 1880 रोजी जन्मलेले काणे दापोलीला शाळा आणि विल्सन कॉलेजात उच्च शिक्षण करून आधी शिक्षक झाले आणि 1911 पासून हायकोर्टात वकिली करू लागले. तिथेच धर्मशास्त्र त्यांच्या रोजच्या कामाचा भाग झालं. मूळच्या पैठणच्या, काशीत स्थायिक झालेल्या भट्ट घराण्यातल्या नीलकंठांनी सतराव्या शतकात लिहिलेला ‘व्यवहारमयूख’ मुंबई बेट, गुजरात आणि उत्तर कोकणातल्या हिंदूंच्या वारसाहक्काच्या दाव्यांत इंग्रजी अमदानीतही प्रमाण मानला जाई. काण्यांनी तो संपादित केला. त्याला जोडायला धर्मशास्त्राचा थोडक्यात इतिहास लिहावा, एवढाच त्यांचा बेत होता.

ती प्रस्तावना वाढतच गेली. ‘धर्मशास्त्राचा इतिहास’ या इंग्रजी ग्रंथाचा पहिला खंड पुण्याच्या भांडारकर संस्थेने 1930 मध्ये काढला, तेव्हा काणे पन्नाशीचे होते. पाचव्या खंडाचा शेवटचा भाग 1962 मध्ये आला, तेव्हा ते ब्याऐंशी वर्षांचे होते. एकूण पानं 6,500 च्या आसपास. संस्कार, विवाह, राजधर्म, न्यायदान, प्रायश्चित्त, श्राद्ध, तीर्थयात्रा, व्रतं असं सारं त्यात आलं. 1947 ते 1949 ही कुलगुरुपदाची वर्षं तिसऱ्या आणि चौथ्या खंडाच्या मधली. चौथ्या खंडाला 1956 मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, 1963 मध्ये काण्यांना भारतरत्न.

यातलं कुठलंही पान उघडून पाहावं. वर विवेचन, खाली बारीक टायपात मूळ संस्कृत वचनं. काही ठिकाणी तळटिपांनीच अर्धं पान व्यापलेलं. ‘शास्त्रात असं सांगितलंय’ एवढ्यावर काणे थांबत नाहीत. कोणत्या ग्रंथात, कोणत्या काळी, आणि दुसऱ्या ग्रंथकाराचं मत काय, तेही ते पुढे ठेवतात. रूढी काळानुसार बदलत आल्या, हे त्या वचनांतूनच दिसतं. लोणावळ्याच्या धर्मनिर्णय मंडळात सुधारणेची बाजू त्यांनी घेतली, तिला या अभ्यासाचं बळ होतं.

काणे 1972 मध्ये गेले. आजही तिथीवरून किंवा विधीवरून घरात वाद निघाला, तर पाचवा खंड उघडावा. काण्यांचं म्हणणं मूळ वचनाशी ताडून पाहायची सोय त्यांनी स्वतःच, त्याच पानावर, करून ठेवली आहे.